त्रयस्थ पक्ष

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प
अर्जाच्या कोपऱ्यात चिकटवला, मशीनजवळच्या वाटीतल्या पाण्यानं.
थुंकी लावलेलं काही सरकारात जाऊ नये
असं आपलं मला वाटलं.

विषय : गुन्हा रजिस्टर नंबर १४२, सन १९८९.
कारण सांगायची सक्ती नव्हती.
तरी लिहिलं : वाचायचं आहे.

पहिलं उत्तर, सदर अभिलेख आढळून येत नाही.
दुसरं, अभिलेख जुना व जीर्ण असल्याने.
तिसरं, माहिती उघड केल्यास तपासास बाधा येण्याची शक्यता.

तपासास?
तो तर तेव्हाच ‘अ’ वर्गात घालून
मिटवला होता तुम्ही :
खरे, परंतु शोध लागत नाही.

अपिलाला शिवडीहून चालत गेले.
साहेबांनी चष्मा पुसला, चहा सांगितला, म्हणाले,
बाई, चौतीस वर्षांनी कशाला उकरता?
म्हटलं, साहेब, मी शिवणकाम करते.
उसवल्याशिवाय काही नीट होत नाही.
ते हसले. म्हणजे ओठ हलले.

अकरा पानं, दोन रुपयांप्रमाणे बावीस.
सुट्टे होते माझ्याकडे.

जिन्यातच बसले वाचायला.
हवालदार माझ्या पिशवीला बूट न लावता वरखाली करत होते.

मयत इसम नामे प्रभाकर तुळाजी घाडी,
वय २४, धंदा टॅली क्लार्क, गोदी.
घरात त्याला बाबल्या म्हणत, ते कुठंच नाही.
आरोपी : काळी पट्टी.
पंच : काळी पट्टी, काळी पट्टी.
पान चार, ‘मी वरील ठिकाणी राहण्यास असून
इयत्ता आठवीत शिक्षण घेते’ —
अहो, हे मी बोलले होते,
हुंदके देत, मालवणीत, माका जा दिसला ता सगळा.
कुणीतरी ते शुद्धलेखनात बसवलं
आणि आता माझ्या नावावर काळी पट्टी.
समासात बारीक अक्षर :
त्रयस्थ पक्षाची वैयक्तिक माहिती वगळली.

दारात डब्याचं झाकण घेऊन उभी असलेली मी, त्रयस्थ.
ज्यांनी मारलं ते, आणि जिनं पाहिलं ती,
एकाच मार्करखाली,
एकाच जाडीची रेघ.

पान सात. पंचनामा.
फिकट आकाशी शर्ट, डाव्या खिशात पेन्सिल,
गोदीचा पास, रोख साडेचार रुपये.
‘शर्टाचे वरून तिसरे बटण
तांबड्या दोऱ्याने शिवलेले.’

त्या सकाळी आकाशी रीळ संपलं होतं.
मी रडकुंडीला आले, तो म्हणाला,
लाव गो कुठल्याही रंगाचा,
कोण बघतंय?

बघितलं, बाबल्या.
एवढ्या सगळ्या लालात
एक दोरा वेगळा लाल आहे, हे
कुणीतरी खाली वाकून, बॅटरी धरून बघितलं
आणि कार्बन घालून तीन प्रतींत लिहिलं.
सही लागते, बक्कल नंबर लागत नाही,
शेवटचे आकडे झेरॉक्समध्ये गेले.
आईनं मरेपर्यंत त्या पोलीस ठाण्याला शिव्या दिल्या,
मीही देते, पुढंही देईन.
हा एक माणूस सोडून.

रात्री कटिंगच्या टेबलावर पानं पसरली.
काळ्या कापडावर खूण करायला
आमच्याकडे पांढरा खडू असतो, चपटा, कडेला धार असलेला.
पान चार घेतलं.
पट्टीवर लिहिलं : मंदाकिनी तुळाजी घाडी, वय १३.
हात लागला की पुसतं, ठाऊक आहे.

बाकीच्या पट्ट्या तशाच आहेत.
दुसरं अपील नव्वद दिवसांत करायचं असतं.
आज बारावा.